मोबाईलने दारू सुटते काय?

(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



दर अंकात आम्ही आपणाशी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. याही अंकासाठी 'खोडव्यातील पाचट व्यवस्थापन' हा विषय ठरला होता. परंतु सरत्या हंगामात एक गोष्ट अशी घडली की, संपादक मंडळाची परवानगी घेऊन आम्ही विषय बदलला. पाचटाचा लेख पुढल्या अंकात येईलच. तोवर पाचट जाळू नका, एवढेच आज सांगतो.

गोष्ट आपल्याच एका सभासदाची आहे. त्यांचे नाव, गाव, गट आम्ही सांगणार नाही. हे सारे छापावे, असे मात्र त्यांनीच आम्हाला सांगितले आहे.

मागल्याच्या मागल्या हंगामात, ऊस बिल जमा होण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरची बाई आमच्या गट कार्यालयात आली. शिपायाने खुर्ची दिली, पण ती बसली नाही. म्हणाली, "साहेब, ह्या बारीचं बिल त्याइच्या खात्यात टाकू नोका. माह्या खात्यात टाका."

आम्ही नियम सांगितला. ज्याच्या नावे उसाची नोंद, त्याच्याच खात्यात बिल. त्यांची लेखी संमती असल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "तुमी मीटिंगीत एवढ्या सुधारित पद्धती सांगता जी, यावर एखादी नाई का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. बिल जमा झाले आणि महिनाभरात संपलेही. ज्या रानात एकरी अडतीस टन ऊस आम्ही स्वतः मोजलेला, तिथे त्या वर्षी एकोणीस टन निघाला. तण तसेच, पाण्याच्या पाळ्या चुकलेल्या, खताचा दुसरा हप्ता दिलाच नाही. पिकावर रोग नव्हता, रोग मालकाला होता.

आधी आमची कबुली

दुसऱ्याच्या घरातले बोलण्यापूर्वी स्वतःचे सांगितलेले बरे. आम्ही स्वतः अठरा वर्षे खर्रा खात होतो. नागपूरकडच्या माणसाला खर्रा म्हणजे काय ते समजवावे लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून घोटून दिलेला. पानठेल्यापुढे गाडी आपोआप थांबायची. शिवारफेरीला निघताना पाण्याची बाटली विसरलो असू, पण खर्रा विसरलो नाही. एक दिवस दंतवैद्याने तोंड उघडायला सांगितले आणि दोन बोटेसुद्धा नीट आत जाईनात. तेव्हा घाबरलो.

सोडायचा प्रयत्न तीनदा केला, तीनदा फसला. चौथ्यांदा मुलीने आमच्या फोनवर केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्ती संदेश योजनेत नाव नोंदवले. ही योजना २०१६ साली सुरू झाली. मिस्ड कॉल दिला की नोंदणी होते आणि मग फोनवर संदेश येत राहतात. खरे सांगतो, पहिले आठ दिवस त्या संदेशांचा रागच आला. पण जेवण झाल्यावर हात खिशाकडे जायच्या वेळी फोन वाजला, की निदान आठवण तरी व्हायची. त्या संदेशाने खर्रा सोडवला असे आम्ही म्हणणार नाही. मुलगी रोज संध्याकाळी विचारायची, "बाबा, आज?" संदेश आणि मुलगी, दोघांनी मिळून सोडवला.

हेच या लेखाचे सार आहे. पुढचे वाचायला वेळ नसेल, तर एवढे लक्षात ठेवले तरी चालेल.

आजार किती मोठा?

केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभर पाहणी केली होती. तिचा अहवाल २०१९ साली निघाला. १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांत १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी माणसे दारू पितात, असे त्यात आढळले. त्यांपैकी ५.७ कोटींवर लोकांचे पिणे घातक किंवा आजाराच्या पातळीवरचे. आणि दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काहीतरी उपचार मिळतो.

तंबाखूचे पाहा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेतात. त्यात ओढणारे थोडे, चघळणारेच बहुसंख्य, २४.४ टक्के.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उसाची साखर होते, साखरेमागे मळी राहते, मळीपासून मद्यार्क होतो. आज त्याचा मोठा भाग इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातो, ही चांगली गोष्ट. पण बाटलीत काय जाते हे आपल्या धंद्याने विसरू नये. ऊस आपणच पिकवतो आणि त्यातलेच काही फिरून आपल्याच घरी येते.

उपचार म्हणजे नेमके काय?

आता त्या सभासदाकडे वळू. गेल्या पोळ्याला त्यांनी बैलापुढे शपथ घेतली, आजपासून बंद. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. गावाला नको असलेले सारे घेऊन जा म्हणून आपण तिला ओरडून सांगतो. हेही गर्दीत उभे राहून ओरडले. तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरू लागले, घाम सुटला, आणि दुपारी गोठ्यात झटका येऊन पडले.

सभासद बंधूंनो, हे नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर पहिल्या दोनतीन दिवसांत कंप, झटके, भ्रम होऊ शकतो. प्रसंगी जीव जातो. ते मनाच्या कमकुवतपणाचे लक्षण नव्हे. शरीराला लागलेली सवय तुटते, त्याचा तो परिणाम असतो. म्हणून दारू सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. या पहिल्या टप्प्यावर कोणतेही ॲप उपयोगाचे नाही. तिथे दवाखाना लागतो. नागपुरात मेडिकल आहे, मेयो आहे, त्यांचे मनोविकृती विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जायला लाजण्याचे काहीएक कारण नाही. बैल आजारी पडला तर आपण जनावरांचा डॉक्टर बोलावतोच ना?

दुसरा टप्पा समुपदेशनाचा. महाराष्ट्रात या कामाचे मोठे नाव म्हणजे पुण्याचे मुक्तांगण. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. पेशंटच्या पत्नीचेही ऐकून घ्यायला हवे, म्हणून तिथे 'सहचरी' नावाचा गट चालतो. तसेच १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत सुरू केलेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ. तिच्या बैठका आपल्याकडेही भरतात. फी नाही, आडनाव सांगायचे नाही.

तिसरा टप्पा सर्वांत लांब आणि सर्वांत अवघड. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचा. माणूस तोच, गाव तेच, रस्त्यावरचे दुकान तेच, सोबतीही तेच. उसाच्या भाषेत सांगायचे तर ऊस तुटला, पण बुडखा जमिनीत आहे आणि पाणी मिळाले की फुटवा येणारच. मोबाईलचे काम आहे ते इथे.

फोन काय करू शकतो?

२०२१ सालापासून आपण ई-पीक पाहणी फोनवर करतो. पुढल्याच वर्षी साखर आयुक्तालयाचे ऊस नोंदणीचे ॲप आले, तेव्हा "हे आमच्यानं होणार नाही" असे म्हणणारे आज शेजाऱ्याला शिकवतात. तेव्हा फोन वापरता येत नाही ही सबब आता राहिली नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मंडळींनी 'ए-चेस' नावाचे ॲप तयार करून त्याची रीतसर परीक्षा घेतली. आपण बेण्याची चाचणी घेतो, एका प्लॉटला नवे वाण, शेजारच्या प्लॉटला जुने, तशीच. दारूवरचा निवासी उपचार संपवून घरी निघालेले ३४९ जण निवडले. निम्म्यांना नेहमीचा पाठपुरावा, निम्म्यांना त्याशिवाय आठ महिने हे ॲप. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. मागील तीस दिवसांत धोकादायक पिणे किती दिवस झाले, याची सरासरी ॲप नसलेल्यांत २.७५ आणि ॲप असलेल्यांत १.३९. साधारण निम्मे.

त्या ॲपमध्ये होते काय? एक मदतीचे बटन. दाबले की ठरलेल्या माणसांना निरोप जातो. दुसरे, ज्या ठिकाणी पूर्वी पीत होता त्याच्या जवळ माणूस गेला की फोन सावध करतो. तिसरे, ठरावीक दिवसांनी विचारपूस: झोप कशी, मन कसे, इच्छा झाली काय? चौथे, सारख्याच दुखण्याच्या लोकांशी बोलायची सोय. पाहा, यातले प्रत्येक काम पूर्वी गावातला एखादा शहाणा माणूस करीत असे. फोन फक्त ते रात्री अकरा वाजताही करतो.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. तेथील 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकलेल्या माणसांना बोलायचे प्रशिक्षण दिले. घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांशी या लोकांनी जास्तीत जास्त चार भेटींत बोलणे केले. तीन महिन्यांनी ज्यांचे पिणे धोक्याखाली आले असे या गटात ३६ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटात २६ टक्के निघाले. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नंतर तिथल्याच संशोधकांनी असा सल्ला मोबाईलवरून देता येईल काय, यावरही काम केले. म्हणजे बोलणे हे औषध आहे, आणि फोन ते औषध लांबवर पोचवू शकतो.

आता दुसरी बाजू. २०१७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'रीसेट' या ॲपला व्यसनोपचाराला जोड म्हणून मान्यता दिली. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यायचे ॲप. मोठा गाजावाजा झाला. २०२३ साली त्या कंपनीचे दिवाळे निघाले. तेव्हा ॲप आज आहे, उद्या नसेल. त्याच्या भरवशावर सारे टाकू नये.

एकशे त्रेचाळिसावा दिवस

झटक्यानंतर आपल्या सभासदाला मुलाने नागपूरला नेले. उपचार झाले, गोळ्या सुरू झाल्या. घरी येताना मुलाने फोनमध्ये दिवस मोजणारे एक फुकट ॲप टाकून दिले. रोज सकाळी एक प्रश्न, किती दिवस झाले तो आकडा, आणि किती पैसे वाचले तो हिशोब. मदतीसाठी तीन नंबर ठरवले. मुलगा, मेहुणा आणि तिसरे आम्ही. "कधीही फोन करा," असे आम्ही त्यांना खांद्यावर हात ठेवून सांगितले होते.

दिवस भरत गेले. दिवाळी गेली. तोड आली, ऊस गेला. भेटले की फोन काढून आकडा दाखवायचे, लहान मूल पाटी दाखवते तसे.

एकशे त्रेचाळिसाव्या दिवशी बिल जमा झाले. बँकेचा संदेश त्याच फोनवर आला. दुपारी सोबती भेटले. संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन लावला, तो परीक्षेच्या हॉलमध्ये होता. मेहुण्याचा लागला नाही. मग आम्हाला लावला. तीनदा. आम्ही कारखान्यावर गाळपाच्या बैठकीत होतो आणि आमचा फोन मुका करून टेबलावर पालथा ठेवलेला होता. रात्री साडेनऊला पाहिला. परत फोन केला तेव्हा उचलला त्यांच्या घरच्यांनी. काही बोलल्या नाहीत, नुसता फोन धरून राहिल्या. आम्ही समजलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. ते म्हणाले, "तुमी त बोल्ले होते का, कधीबी फोन कर म्हणून." यावर काय बोलणार? चूक झाली म्हणालो. मग त्यांनी फोन पुढे केला. आकड्याच्या जागी शून्य होते. "हे पाहून मले अजूनच प्यावं वाटते साहेब. सगळं पाण्यात गेलं."

त्या शून्यावर आमचा राग आहे. यंत्राला दोनच गोष्टी कळतात, प्याला की नाही प्याला. पण एकशे त्रेचाळीस दिवस या माणसाने घरी पगारी गड्यासारखे काम केले, रान सुधारले, मुलीच्या शाळेत गेला, ते काय शून्य झाले? वाऱ्याने ऊस लोळला म्हणून त्यातली साखर नाहीशी होते काय? लोळलेला ऊस लवकर तोडून कारखान्याला घालायचा असतो. तसेच घसरलेल्या माणसाला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्यायचे असते. उशीर केला की मात्र नुकसान होते.

आम्ही तसेच केले. मुलगा, ते आणि आम्ही एसटीने नागपूरला गेलो. डॉक्टरांनी रागे भरले नाही. म्हणाले, या आजारात असे होते. परत आलात हे महत्त्वाचे. त्यांनी एक नवी गोष्ट करायला सांगितली. धोक्याची जागा जशी असते तसे धोक्याचे दिवसही असतात, ते आधी लिहून काढा. आम्ही बसून यादी केली: बिलाचा दिवस, तोड संपल्याचा दिवस, होळी, लग्नाच्या वराती, बाजाराचा दिवस. फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या प्रत्येकाच्या आदल्या दिवशीची आठवण लावली.

आणि त्यांनी आपण होऊन, कोणी न सांगता, संमतीचा कागद लिहून दिला. आता बिल दोघांच्या संयुक्त खात्यात जमा होते आणि बँकेचा संदेश बाईच्या फोनवर येतो. तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या खात्याने नाही दिले, तिच्या नवऱ्याने दिले.

हा मजकूर छापायला देताना त्यांच्या फोनवर सत्त्याण्णव दिवस आहेत. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाईने वेगळा हिशोब ठेवला आहे. तिथे दोनशे चाळीस आहेत, मधले दोन दिवस वगळून. आम्ही भिंतीवरचा हिशोब खरा धरतो.

सभासदांना सूचना

१) रोज भरपूर पिणाऱ्याने ॲप घेऊन घरच्या घरी दारू तोडू नये. आधी डॉक्टर, मग फोन.

२) फुकट मदतीचे नंबर लिहून ठेवा. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६. मानसिक आरोग्यासाठी 'टेलि-मानस' १४४१६. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, मराठीत बोलता येते, आणि २०२४ साली तिचे ॲपही आले. तंबाखू-खर्रा सोडण्यासाठी १८००-११-२३५६. हा नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.

३) ॲप साधे निवडा. दिवस मोजणारे, विचारपूस करणारे आणि मदतीचे बटन असलेले पुरे. जे ॲप 'सात दिवसांत हमखास दारू बंद' म्हणते, गुपचूप जेवणात घालायचे औषध विकते, किंवा तुमचे सारे फोन नंबर आणि फोटो मागते, ते काढून टाका. आपल्या आजाराची माहिती सातबाऱ्याइतकीच जपायची असते.

४) मदतीचे नंबर तीन हवेत आणि त्या तिघांना आधी विचारलेले असावे. हो म्हणणाऱ्याने फोन मुका ठेवू नये. हे आम्ही आमच्या अनुभवावरून लिहितो.

५) इच्छा उसळते ती कायमची राहत नाही, काही मिनिटांनी ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. मोटार चालू करून या, जनावरांना पाणी दाखवा, कोणाशी तरी बोला.

६) घसरलात तर ॲप उडवू नका आणि तोंड लपवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

७) फोन स्वतःच व्यसन होऊ शकतो, हे विसरू नका. दारू सुटली आणि पैसे लावून रमी लागली, असेही आम्ही पाहिले आहे. अशा खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, पण चोरवाटा असतातच. पोरांच्या हातातला फोनही अधूनमधून पाहावा.

शेवटी

आपल्या कारखान्याचे पायाभूत तत्त्व सहकार. एकट्याच्या उसाने गव्हाण भरत नाही म्हणून आपण एकत्र आलो. व्यसन सोडणेही एकट्याचे काम नाही. आमची सूचना एवढीच आहे की, प्रत्येक गट कार्यालयात दोन माणसांनी आपले नाव द्यावे. भाषण करायचे नाही, उपदेश करायचा नाही. फोन वाजला की उचलायचा आणि ऐकायचे. आमच्या गटातून पहिले नाव आम्ही दिले आहे. दुसरे नाव त्या सभासदांनी दिले आहे. "मले रात्री झोप कमीच येते साहेब, माह्याच नंबर लिहा," असे म्हणाले.

बैठकीत आमचा फोन आता सुलटा ठेवलेला असतो. मध्येच उठून बाहेर गेलो तर कोणी रागावू नये.